बदलीचे कारण ‘मत्सर’ असे नोंदवून घेणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
कालवे विभाग, नाशिक.

अर्जदार : वाल्मीक सहादू दोंदे, कनिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा.

विषय : पुणे येथे बदली मिळणेबाबत. कारणाचा सविस्तर खुलासा.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १२ जानेवारी १९७९ चा अर्ज.
२) त्यावरील आपला शेरा : “कौटुंबिक अडचण म्हणजे नेमके काय? स्पष्ट लिहावे.”

महोदय,

१. उपरोक्त शेरा अर्जदारास फेब्रुवारीत मिळाला. खुलासा एप्रिलात सादर होत आहे, याचे कारण एवढेच की स्पष्ट लिहिण्याची लाज वाटत होती. शाखेतील वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला की ‘आईचे आजारपण’ असे लिहून मोकळा हो, सगळे तेच लिहितात. परंतु अर्जदाराची आई विठाबाई ठणठणीत आहे. ती रोज भद्रकालीच्या बाजारात पायी जाऊन भाजीवाल्यांशी भांडून येते आणि आपण तिला तिथे पाहिलेलेही असेल. तेव्हा खोटे लिहिणे जमले नाही. खरे कारण असे आहे की अर्जदारास आपल्या पत्नीच्या शिक्षणाचा मत्सर वाटतो. बदलीच्या नियमांत हा शब्द कुठे नाही याची अर्जदारास कल्पना आहे. तरी तो कसा उत्पन्न झाला व कुठवर गेला, हे पुढे क्रमाने मांडत आहे.

२. अर्जदाराची पत्नी डॉ. चांगुणा ही नाशिकरोडच्या एका रेल्वे खलाशाची मुलगी. इंटर सायन्सला ती आणि अर्जदार एकाच वर्गात होते आणि दोघांनाही डॉक्टर व्हायचे होते. वाचनालयातल्या एकाच बाकावर, एकाच पुस्तकावर दोघांनी वर्ष काढले. तिने पान उलटायचे आणि अर्जदाराने “थांब गं, माझं व्हायचंय” म्हणायचे. १९६९ साली निकाल लागला. तिला पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. अर्जदार भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात घसरला आणि थोडक्यात राहिला. दोघांना राखीव जागांची सवलत तीच, पुस्तक तेच, बाकही तेच. त्यामुळे दोष द्यायला अर्जदारास कोणीच सापडले नाही. कोणी सापडले असते तर पुढचे पुष्कळ टळले असते. एस.टी. स्टँडवर तिची ट्रंक टपावर चढवताना अर्जदार म्हणाला होता, “पुढच्या वर्षी मीपण येतोय.” त्याच पावसाळ्यात अर्जदाराचे वडील वारले आणि अर्जदार आपल्या खात्यात चिकटला.

३. पुण्याहून तिची पत्रे येत. पहिल्या दीड वर्षात त्यांत शरीररचनेखेरीज दुसरे काही नसे. चिरफाडीच्या टेबलावर तिच्या तुकडीला जो मृतदेह मिळाला होता, त्याला ती ‘आमचा म्हातारा’ म्हणे. आज आमच्या म्हाताऱ्याचा हात झाला, आज आमच्या म्हाताऱ्याचं काळीज बघितलं, केवढं मोठं होतं वाल्मीक, तू पाहायला हवं होतंस, असे ती लिही. (एकत्र शिकल्यामुळे ती अर्जदारास अरेतुरे करते. आईला ते आजही खपत नाही.) अर्जदारास त्या मृत इसमाचाही हेवा वाटला. त्याच्याकडे ती रोज तासन् तास पाहत होती आणि अर्जदाराला महिन्यातून एक पत्र. पुढे औषधशास्त्र आले, विकृतिशास्त्र आले, मग एकेका वॉर्डातले शिक्षण, बाळंतपणांची मोजदाद, आणि शेवटी अंतिम वर्षाची परीक्षा. अर्जदार नाशिकला बसून ते सगळे शब्द त्या त्या वर्षी शिकत गेला. पत्राला उत्तर देताना तो ते वापरी. परंतु त्याची परीक्षा कोणी घेतली नाही आणि पासही कोणी केले नाही.

४. एम.बी.बी.एस. झाल्यावर वर्षभर निरनिराळ्या विभागांत उमेदवारी करावी लागते. त्यातला खेड्यातला भाग तिने घोटीच्या बाजूला मागून घेतला आणि त्याच सुमारास दोघांचे लग्न झाले. अर्जदाराच्या आयुष्यातला हा सर्वांत चांगला काळ होय. कचेरी सुटली की अर्जदार घोटीची गाडी धरी. तांदळाच्या पोत्यांच्या वासाने भरलेल्या त्या रस्त्यावरून दोघे हिंडत. अर्जदाराची समजूत अशी होती की उमेदवारी संपली की शिक्षण संपले. एके दिवशी अर्जदार तिथे पोचला तर ती दवाखान्याच्या मागल्या पायरीवर बसली होती. भातलावणीच्या बायकांपैकी एकीचे तान्हे मूल जुलाबांनी सुकून आले होते. मोठ्या माणसाला सलाईन लावणे तिला चांगले येत होते. पण त्या मुलाच्या हाताची शीर सापडेना, पायाची सापडेना. दुसरा डॉक्टर येईपर्यंत मूल गेले.

“माझा हात कापत नव्हता,” ती म्हणाली. “मला माहीतच नव्हतं कुठं शोधायची ते. मला मुलांचंच शिकायचंय, वाल्मीक. मोठ्यांना बघणारे खूप आहेत.”

अशा वेळी नवऱ्याने काय बोलावे हे अर्जदारास कळायला हवे होते. त्याच्या तोंडून निघाले ते असे, “अजून किती वर्षं?”

तिने उठून हात धुतले आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले.

५. बालरोगाच्या वाटेवर आधी हाउसमनची जागा लागते. म्हणजे वॉर्डातच राहायचे, वॉर्डातच जेवायचे आणि झोप मिळाली तर तीही तिथेच. ती पुन्हा पुण्याला गेली आणि तिच्या बोलण्यात डॉ. शामसुंदर हे नाव आले. हे गृहस्थ तिच्याहून दोन वर्षे पुढे होते. तान्ह्या मुलाची शीर हातापायाला मिळाली नाही तर डोक्यावर शोधतात, ही गोष्ट तिला त्यांनी शिकवली. सुटीत घरी आली की ती आईच्या दळणातला तांदळाचा दाणा हातात घेऊन सांगे, “एवढीशी शीर असते बघ. पण शामसुंदर सरांचा हात असा हलका पडतो की मूल रडतसुद्धा नाही.” अर्जदार समोर बसून स्वतःच्या हातांकडे पाही. आपल्या विभागातील पाकिटांवर शिक्के मारून ते हात जड झालेले आहेत, यात कोणाचा दोष नाही. परंतु त्यानंतर बरेच दिवस अर्जदार घरी सुईत दोरा ओवून पाहत असे, ही वस्तुस्थिती आहे. आईने एकदा विचारले, “काय शिवायचंय?”

६. हाउसमनशिप संपवून तिने मुलांच्या रोगांची पदविका घेतली. तिला डी.सी.एच. म्हणतात. आता मात्र झाले, असे धरून अर्जदाराने पंचवटीत दोन खोल्या बघून ठेवल्या आणि पेंटरकडून पाटी रंगवून आणली : डॉ. सौ. चांगुणा वाल्मीक दोंदे, एम.बी.बी.एस., डी.सी.एच., बालरोगतज्ज्ञ. ती घरी आली तेव्हा पाटी दारात भिंतीला टेकवून ठेवली होती. तिने ती वाचली, खूश झाली, पेंटरच्या अक्षराचे कौतुक केले. मग म्हणाली, “मधे थोडी जागा सोडायला हवी होती. एम.डी. बसवायला.”

अर्जदाराने विचारले, पदविका पुरत नाही का? ती म्हणाली, पुरते, सर्दीतापाला पुरते. कमी दिवसांचे, मुठीएवढे मूल समोर आले तर पुरत नाही. वॉर्डात रजिस्ट्रार म्हणून काम करायचे, प्रबंध लिहायचा, मग परीक्षा. सरांनी तिचे नाव सुचवले आहे. कोणते सर, हे अर्जदाराने विचारले नाही. विठाबाई मात्र आतून बोलली, “लोकांची पोरं बरी करायला हिला पुणं पुरंना, आन् आपल्या घरात पाळणा नाय.” चांगुणा त्यावर एवढेच म्हणाली, “एम.डी. झाल्यावर बघू, आई.” आणि आईच्या पाया पडून गाडीत बसली.

७. इथून पुढे अर्जदाराच्या मनाची स्थिती बिघडत गेली. पूर्वी त्याला तिच्या प्रवेशाचा हेवा वाटे, आता तिच्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाचा वाटू लागला. वॉर्डातल्या मुलांचासुद्धा. त्यांना ती कडेवर घेते, गालावर गाल लावून ताप बघते, त्यांच्याशी बोबडे बोलते. अर्जदारास ताप आला तेव्हा तिने पत्राने दोन गोळ्यांची नावे कळवली. तिचा प्रबंध जुलाब होणाऱ्या तान्ह्या मुलांवर आहे. तो इंग्रजीत टाइप करण्याचे काम अर्जदाराने मेनरोडवरच्या टायपिंग क्लासच्या मशीनवर स्वतः केले. त्यात आभाराचे पान होते. डॉ. शामसुंदर यांचे नाव तिसऱ्या ओळीत होते आणि अर्जदाराचे सर्वांत शेवटी, प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्यांनंतर. अर्जदाराने ओळींचा क्रम बदलला नाही. बदलावा असे मात्र फार वाटले आणि टाइप करताना त्या एका पानाचे तीन कागद वाया गेले.

याच काळात अर्जदाराने पहिला बदलीचा अर्ज केला. त्या वेळी पुण्याला जाण्यात अर्जदाराचा हेतू तिच्यावर लक्ष ठेवणे हा होता. ‘कौटुंबिक अडचण’ असे जे लिहिले होते, त्याचा तेव्हाचा अर्थ तो. तो आज उरला नाही. का उरला नाही, ते पुढील परिच्छेदात आहे व तोच या अर्जाचा मुख्य भाग होय.

८. मार्च महिन्यात अर्जदार रजा टाकून, न कळवता पुण्यास गेला. दिंडोरीच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून द्राक्षांची पेटी घेतली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की नवरा बायकोला भेटायला निघाला आहे. प्रत्यक्षात अर्जदार तिला पकडायला निघाला होता. काय पकडायचे, हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

मुलांच्या वॉर्डाच्या दाराशी गळ्यात नळी अडकवलेले एक उंच, गोरे गृहस्थ उभे होते. ते अर्जदारास म्हणाले, “वडील का? आत गर्दी करू नका. वऱ्हांड्यात बसा, बोलावतील.” आणि आत वळून आयाला म्हणाले, “डॉक्टर दोंदे बाईंचा चहा झाला का? साखर घालू नका हं त्यांच्यात.” तेव्हा अर्जदारास कळले की हेच डॉ. शामसुंदर. आणि हेही कळले की चांगुणेने चहातली साखर सोडली आहे. घरी ती दोन चमचे घेत असे. कधी सोडली, का सोडली, हे नवऱ्याला माहीत नाही आणि ह्या माणसाला माहीत आहे. अर्जदार पेटी घेऊन गुमान वऱ्हांड्यात जाऊन बसला. आपण वडील नाही, हे सांगण्याचेही त्याला सुचले नाही.

वऱ्हांड्यात आत ठेवलेल्या मुलांचे आईबाप बसले होते. शेजारी जुन्नरकडची पुतळाबाई नावाची एक बाई होती. तिने सरकून जागा दिली आणि विचारले, “तुमचं कुठल्या खाटंवर हाय?”

काहीतरी बोलायचे म्हणून अर्जदार म्हणाला, “सातवर.”

ती बाई एकदम पुढे वाकली आणि तिने अर्जदाराच्या गुडघ्यावर हात ठेवला. “त्या दोंदेबाई कालधरनं तिथंच हायेत,” ती म्हणाली. “जेवायलाबी उठल्या नाय. भिऊ नका दादा. माझ्या पोराला त्यांनीच उठवून बसवलं.” पलीकडच्या एका माणसाने अर्जदारास तंबाखू पुढे केली. एका बाईने विचारले, पोराची आई कुठं हाय? अर्जदारास उठून जाता येईना आणि खरे सांगता येईना. सात नंबरची खाट आहे की नाही हेही त्याला ठाऊक नव्हते. परंतु महोदय, नमूद करण्यास संकोच वाटतो, त्या लोकांत बसल्यावर त्याला काही काळ बरे वाटले. मूल आजारी असलेल्या बापाला मिळतो तो मान त्याला फुकटात मिळत होता.

दुपार कलताना आतली धावपळ वाढली आणि मग एकदम थांबली. चांगुणा दारात आली. तिचे केस सुटले होते आणि पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. तिने विचारले, “सात नंबरचं कोणी आलंय का?”

पुतळाबाईने अर्जदाराकडे बोट केले. “हे काय, हे बसलेत.”

सगळा वऱ्हांडा अर्जदाराकडे पाहू लागला. चांगुणाही पाहू लागली. अर्जदार उभा राहिला तेव्हा मांडीवरची पेटी खाली पडली आणि द्राक्षे फरशीवर घरंगळत गेली. ती उचलायला कोणी वाकले नाही.

ती अर्जदाराला जिन्याच्या वळणावर घेऊन गेली. आता ती विचारेल की इथे काय करतोयस, तिथे काय सांगितलेस, असे वाटून अर्जदाराने उत्तरे तयार केली. तिने काहीच विचारले नाही. ती म्हणाली, “सातची मुलगी गेली. घटसर्प होता. फार उशिरा आणली होती. तिचा बाप कालपासून आत खाटेशीच होता, आता स्टँडवर भावाला आणायला गेलाय. आत्ता येईल.” मग म्हणाली, “त्याला सांगायचंय. वाल्मीक, मला सगळं शिकवलं. हाडं शिकवली, औषधं शिकवली, डोक्यातली शीर शोधायला शिकवली. हे कुणी नाही शिकवलं. दर वेळी मी जाते, आणि काहीतरी बोलते, आणि ते माझ्याकडे बघत राहतात. तू थांब इथं. जाऊ नकोस.”

मल्हारी नावाचा तो बाप भावाला घेऊन जिना चढत आला. अर्जदाराच्याच वयाचा, खांद्यावर उपरणे, हातात मुलीसाठी घेतलेली बिस्किटे. चांगुणा दोन पायऱ्या खाली उतरली आणि त्याला सांगितले. काय शब्दांत सांगितले ते अर्जदारास आठवत नाही. तो बाप तिथल्या तिथे पायरीवर बसला आणि तीही त्याच्या शेजारी बसली. बसली आणि रडू लागली. मोठ्याने, नाक ओढत, पोरीसारखी. मल्हारीच तिला म्हणाला, “बाई, तुमी कशाला रडता. तुमी लई केलं.”

९. लग्नाला चार वर्षे झाली. या काळात चांगुणा अर्जदारासमोर एकदाही रडलेली नाही. घोटीच्या पायरीवर नाही, आईच्या बोलण्याने नाही, गाडी सुटताना नाही. ते रडणे त्या दिवशी एका परक्या माणसाच्या वाट्याला आले. त्याचे मूल गेलेले असताना अर्जदारास त्याचा हेवा वाटला. हे लिहिताना अर्जदाराचा हात थांबत आहे, परंतु आपण स्पष्ट लिहावे असे कळवले आहे, म्हणून लिहीत आहे. एवढी वर्षे अर्जदार चुकीच्या गोष्टींवर जळत होता. प्रवेशावर, हातावर, आभाराच्या ओळीवर. आता त्याला कळले की त्याला हवे होते ते हे. ती खचेल तेव्हा शेजारच्या पायरीवर बसायला मिळणे. आणि ती जागा नाशिकला राहून मिळणारी नाही. (डॉ. शामसुंदर यांचेविषयी अर्जदाराचे मत मात्र अद्याप बदललेले नाही. ते त्या दिवशी येऊन मल्हारीच्या भावाजवळ बराच वेळ उभे राहिले, हे न्याय म्हणून नमूद करतो.)

१०. संध्याकाळी तिला तासाभराची सुटी मिळाली. रुग्णालयाबाहेरच्या हॉटेलात अर्जदाराने तिला बदलीच्या अर्जाबद्दल सांगितले, आणि तो कशासाठी केला होता तेही सांगितले. वाटले होते, चिडेल. ती दमलेली होती, भिंतीला डोके टेकून हसली. म्हणाली, “शामसुंदर सरांच्या डब्यात रोज वांगं असतं, आणि ते रोज त्याबद्दल बोलतात. एवढंच काय ते आमच्यात आहे.” मग हसणे थांबवून म्हणाली, “ये तू. पण पहारा करायला येऊ नकोस. राहायला ये. मी घरी आल्यावर घरात कुणीतरी असू दे.”

नाशिकला आल्यावर अर्जदाराने आईला विचारले. आई म्हणाली, “जा बाबा. इथं बसून सुईत दोरा घालत बसण्यापरीस तिकडं जा.” ती अर्जदाराच्या धाकट्या भावाकडे राहण्यास तयार आहे. तेव्हा घरचा अडथळा उरलेला नाही.

११. तरी विनंती की अर्जदाराचा अर्ज शिफारशीसह वरिष्ठांकडे पाठवावा आणि पुणे येथील आपल्या खात्याच्या कोणत्याही कार्यालयात, कोणत्याही शाखेत, हवी तर याहून खालच्या जागेवर त्याची बदली व्हावी. कारणाच्या रकान्यात ‘मत्सर’ लिहिणे कचेरीला शोभणार नसेल तर ‘पत्नीचे शिक्षण’ असे लिहावे. अर्जदाराची हरकत नाही, दोन्हींचा अर्थ त्याच्यापुरता एकच आहे. तिची एम.डी.ची परीक्षा पुढील वर्षी आहे. तोवर बदली होत नसेल तर बिनपगारी रजा मंजूर व्हावी. आणि रजाही देता येत नसेल, तर हा अर्जच राजीनामा समजावा. वेगळा राजीनामा अर्जदार देणार नाही, कारण हे सगळे पुन्हा एकदा लिहिणे त्याच्याने होणार नाही.

आपल्या शेऱ्याला भिऊन राहिलेला व आता न भिणारा,

(सही)
वाल्मीक सहादू दोंदे
कनिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा
नाशिक, दि. १९ एप्रिल १९७९

सोबत :
१) पत्नीच्या एम.डी. (बालरोग) नोंदणीपत्राची खरी नक्कल.
२) विवाहाचा दाखला.
३) आई विठाबाई हिचे अंगठ्याचे संमतिपत्र. (ती आजारी नाही, याचाही त्यात उल्लेख आहे. तो तिने स्वतः घालायला लावला.)